पाचव्या दारानं

तीर्थरूप मामा,

शालूचा नमस्कार. मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते आधी कळवा. गाडीच्या आनंदात तुमची खुशाली विचारायची राहिली असं नको. आमच्याकडे सगळे बरे आहेत (अप्पांना शिंका आहेत, पण त्या नव्या सीटच्या वासानं). फोनवर बोलायला लागले की काका मधेच फोन घेतात, म्हणून पत्र.

तर गाडी आली. डिकी मागे वेगळी निघालेली नाही, मागचं दार काचेसकट वर उघडतं, त्या जातीची. निवडली मीच, माहितीपुस्तक दोनदा वाचून (घरात पहिलीच शिकलेली म्हणून छापील अक्षरावर माझा विश्वास जरा जास्त). राधाकिसन काका बघताक्षणी म्हणाले, "मागचं कारखान्यातच राह्यलं का गं?" आणि अट घातली: शालूनं ओरखडा न पाडता गाडी दारापर्यंत आणली तर चावी तिची, न्हाईतर ड्रायव्हर ठेवू. मंठ्याच्या शाळेत शिकवायला जाणार मी, आणि मला रोज सोडायला ड्रायव्हर! मामा, जेवण गेलं नाही हो मला.

जालन्याहून गावापर्यंत चाळीसच्या वर गेले नाही. एका कापसाच्या टेम्पोनं आम्हाला दोनदा मागं टाकलं (मधे तो चहाला थांबला होता). पट्टा लावेपर्यंत गाडी किरकिरत राहिली, आणि साखराबाई आत्या तिला "लावते बाई, लावते" म्हणत राहिल्या.

आमच्या दारापुढचा बोळ मी आधीच टेपनं सात ठिकाणी मोजला होता. पुस्तकातल्या रुंदीत आरसे धरत नाहीत, हेही ठाऊक होतं. बटण दाबून आरसे मिटले आणि दोन्हीकडे चार-चार बोटं सोडून गाडी थेट उंबऱ्यासमोर नेली. फक्त दारं उघडल्यावरची रुंदी मी धरली नव्हती. दोन्हीकडे भिंत, आत आम्ही चौघं. काका म्हणाले, "मंग आता इथंच संसार करायचा का?"

मी सीटखालचा खटका ओढला. मागचं, पाचवं दार सुटलं. मागच्या सीटची पाठ पुढं पाडली (पान एकशे बेचाळीस). आधी अप्पा रांगत गेले, मग आत्या. काकांचं आधी डोकं गेलं, मग खांदे, मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी बाहेर पडून ते टोपी झटकत उभे राहिले, तेव्हा मी हळूच म्हटलं, "मागं वेगळी डिकी असती तर काका, आपण डिकीतच अडकलो असतो." उंबरा गाडीनं अडलेला, म्हणून आई ओवाळायचं ताट घेऊन शेजारच्या नंदाबाईंच्या घरातून फिरून मागं आली. काकांनी मोबाइलच्या उजेडात गाडीची इंच न् इंच तपासली. ओरखडा नव्हता. "बराबर हाय," म्हणाले, आणि चावी माझ्या हातावर ठेवली. सगळ्या गल्लीदेखत, मामा!

तुमची भाची,
शालू (चावी ओढणीला बांधलेली)

ता. क. नंदाबाईंच्या पायरीचा कोपरा चाकाखाली गेला. मी जाऊन सांगून आले. त्या म्हणाल्या, "जाऊ दे पोरी, पायरीच पुढं आल्ती."

पुन्हा ता. क. गाडी अजून बोळातच आहे. काढायची तर उलटी काढावी लागेल. मागचं दाखवणारा कॅमेरा आहे, त्यातल्या रेघा मला पाठ आहेत. पण मागं नऊ जण "येऊ दे, येऊ दे" आणि "थांब, थांब" एकदम ओरडतात, तेव्हा रेघा दिसत नाहीत, माणसंच दिसतात. सोमवारी शाळा आहे. म्हणून रविवारी सकाळीच सगळ्यांना परतूरला तुमच्याकडे जेवायला बोलवा, नंदाबाईंनाही. कारण काहीही सांगा. मला मात्र बोलावू नका.