पूर्ण खेळून पाहिला: होय

अण्णा,

माझं काम तुम्हाला नीट कळलं नाही आणि मीही कधी नीट सांगितलं नाही. शेजारच्यांनी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "कंप्युटरातल्या चुका काढते. आमचंच खातं." येरवड्याच्या छापखान्यात तुमची उभी हयात प्रुफं वाचण्यात गेली, तेव्हा तुमच्या दृष्टीनं जगात दोनच कामं होती, चुका करण्याचं आणि चुका काढण्याचं. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. आता मी गेम तपासते. लोकांनी बनवलेले गेम आमच्याकडे येतात, मी ते खेळते आणि ते बाजारात आणण्यासारखे आहेत की नाहीत ते लिहून देते. कंपनी माझ्या लिहिण्यावर चालते. याचा मला अभिमान होता, हे आधी सांगून टाकते.

मला आपलं स्वयंपाकघर आठवतं. रविवार सकाळ आहे, आई पोळ्या लाटतेय, आणि तुम्ही भिंतीला टेकून बाहेरच्या एका प्रकाशकाची प्रुफं मांडीवर घेतलीत. मी मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, तुम्ही छापलेल्यावर पेन्सिल फिरवायची. मी दहावी देऊन मोकळी झाले होते. त्याच आठवड्यात तुम्ही मला टीव्हीला जोडायचा गेम आणून दिला होता, न मागता. एकदा स्वतः खेळायलाही बसलात, पहिल्याच खड्ड्यात पडलात आणि म्हणालात, "हा माणूस आंधळा आहे की मी?" तर त्या रविवारी माझं लक्ष बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीकडे होतं. मी एक अख्खा परिच्छेद गाळला. तुमची पेन्सिल थांबली. तुम्ही वर पाहिलंही नाहीत. "अर्धं वाचून बरोबर म्हणणारे ऑफिसात पुष्कळ आहेत," तुम्ही म्हणालात, "घरात नकोत." मग पान पहिल्यापासून वाचायला लावलंत. बस, एवढंच. ओरडला असतात तर मी विसरून गेले असते.

गेल्या वर्षी वाघोलीहून एक गेम आला. अमरावतीकडून इंजिनिअरिंगला आलेली एक मुलगी, म्हणजे आता बत्तीस वर्षांची बाई, खराडीतली नोकरी सोडून पाच वर्षं तो एकटीच बनवत होती. चित्रं जुन्या टीव्ही गेमसारखी, ठिपक्याठिपक्यांची. पुढच्या काळातलं एक शहर, तारांनी जखडलेलं, निऑनच्या पाट्या, माणसांना यंत्राचे हात. आणि त्यातच मंत्रतंत्र. पण तिथे मंत्र टाकायला वीज लागते, आणि ती वीज शहरातल्या घरांतून येते. तुम्ही एक मंत्र टाकलात की मागे कुठेतरी एका खिडकीतला दिवा जातो. मला हे आवडलं होतं अण्णा. वहीत पहिल्याच दिवशी लिहिलं होतं, 'सुंदर कल्पना.'

गेम कठीण होता. आपण मेलो की पुन्हा पहिल्यापासून, वाटेत कुठे थांबायची सोय नाही. तिसऱ्या फाटकावर एक पहारेकरी उभा असे. त्याच्यावर मी होते नव्हते ते सगळे मंत्र टाकले. शहर जवळजवळ काळं झालं आणि तो तसाच. तीन आठवडे मी रोज ऑफिसात जाऊन त्या फाटकाशी मरत होते. मग साहेब टेबलाशी आले. "शुक्रवारी रिपोर्ट हवाय. तीन ओळी लिहिल्यात तरी चालेल." मी तीन पानं लिहिली. खेळणाऱ्याला श्वास घ्यायला जागा नाही, बनवणाऱ्याला खेळणाऱ्याबद्दल माया नाही, शिफारस करता येत नाही. फॉर्मच्या शेवटी एक चौकट असते: पूर्ण खेळून पाहिला का? मी 'होय' लिहिलं. हात अडखळला नाही. वीस वर्षांच्या अनुभवावर पुढचं काय असणार ते मला दिसतंच, असं मी स्वतःला सांगितलंही नाही. नुसतं लिहिलं.

सहा महिन्यांनी ती मला भेटली. एका कॉलेजच्या कार्यक्रमात मी बोलायला गेले होते, तिथे ती शिकवायला लागली होती. चहाच्या वेळी स्वतःहून जवळ आली.

"मॅडम, मी वाघोलीची. तुम्ही माझा गेम तपासला होता."

मी म्हटलं, "हो, आठवतंय. पुढे काय केलंत त्याचं?"

"बंद केला. सगळं पुसून टाकलं. दुसऱ्या दोन कंपन्यांनीही नाही म्हटलं होतं, पण त्यांचं मी मनावर घेतलं नव्हतं. ते पहिल्या तासातच सोडून गेले होते." ती हसली. "तुमचा रिपोर्ट मला पाठवला होता, तुम्ही शेवटपर्यंत खेळलात ना. ओळखीतल्या कुणालाच जमलं नव्हतं ते. म्हटलं, सगळं पाहून या बाई म्हणतायत की यात माया नाही, तर नसेल. आपल्यालाच दिसत नाही."

मी कप खाली ठेवला. तिनं विचारलं, "एक विचारू? शेवट कसा वाटला?"

अण्णा, सांगायची वेळ हीच होती. ती समोर उभी होती, तिच्या हातावर खडूची पूड होती. मी म्हणाले, "शेवट चांगला होता." तिचे डोळे भरून आले. "तेवढंच हवं होतं ऐकायला," ती म्हणाली आणि तासाला निघून गेली.

त्यानंतर मी तो गेम घरच्या कंप्युटरवर घातला. रविवारी दुपारी बसायचे. कशासाठी, मलाच ठाऊक नव्हतं. तिला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, तिनं सगळं पुसून टाकलं होतं. बहुधा माझ्याकडची प्रत हीच शेवटची. किती रविवार तसेच गेले, आधीची दोन फाटकं आता मला मंत्राशिवाय चुकवता येत होती. मग एकदा फाटकाशी पोहोचले आणि बेल वाजली, गॅस सिलिंडरवाला आला होता. मी कीबोर्ड सोडून दाराशी गेले. परत येते तो पहारेकरी माझ्यासमोर येऊन थांबलेला. मी काहीच केलं नव्हतं. एकही मंत्र टाकला नव्हता. मागच्या सगळ्या खिडक्या उजळलेल्या होत्या. त्यानं त्या पाहिल्या, असं वाटावं इतका वेळ तो उभा राहिला. मग बाजूला झाला.

आत बाजार होता. रात्रंदिवस भांडणाऱ्या त्या शहरात एक साधा बाजार. भाज्यांचे ढीग, पाट्या, गप्पा मारणारी माणसं. कुणी मारायला येत नाही. एक म्हातारी विचारते, "दमलीस का? बस." आणि खरंच बसता येतं, खेळ तिथेच जपून ठेवता येतो. तिथून पुढे वाट सोपी आहे, असं तीच सांगते. मी श्वास घ्यायला जागा नाही म्हणाले होते. फाटकाच्या पलीकडे तिनं एवढी मोठी जागा करून ठेवली होती, आणि तिथे पोहोचायला एकच अट घातली होती, ती मला वीस वर्षांच्या अनुभवात सुचली नाही.

मी बसून रडले. तुम्ही गेलात तेव्हा इतकी रडले नव्हते. तिला कळवायला हवं, हे कळतं. पण काय कळवू? की तुमचा गेम चांगला होता आणि तो मी मारला? याचा उपयोग तिला काय, मलाच होईल. आणि न कळवणं याला तर नाव द्यायला शब्दही नाही. ऑफिसात मी अजून तपासते. नवे गेम येतात, फॉर्म येतो, चौकट येते. परवा एक पूर्ण खेळून पाहिला आणि 'होय' लिहिताना ते खोटं बोलल्यासारखं वाटलं. खरं लिहायचीही आता सोय राहिली नाही.

तुम्हाला पत्र लिहून काय होणार, हे तुम्हीच विचारलं असतंत, आणि उत्तराची वाट न बघता चष्मा पुसायला घेतला असतात. हे मी कुणाला दाखवणार नाही.

एक मात्र कबूल करते. बाजारात पोहोचून तीन आठवडे झाले. त्याच्या पलीकडे मी अजून गेलेले नाही. वेळ आहे, वाट सोपी आहे. शेवट खरोखरच चांगला निघेल, याची भीती वाटते.