कविताची साडी आणि माझं विज्ञान

१९ ऑगस्ट, सकाळी ७
काल नातीच्या, नित्याच्या वाढदिवसाची पंगत. माझ्या हातून सांबार सुनेच्या, कविताच्या रेशमी साडीवर सांडलं. तिनं पान मधेच ओढलं, म्हणून. साडी तिच्या आईची. तीस तारखेला पापनाशम गावी बहिणीच्या लग्नात तिला तीच नेसायचीय. म्हणे ड्रायक्लीनला देते. म्हटलं, घरात झूऑलॉजीची बीएससी असताना?

दुपारी
एन्झाइमवाला डिटर्जंट आणला. तत्त्व सोपं. लाळ भातातला स्टार्च तोडते, पोटातलं पेप्सिन डाळीचं प्रोटीन, पुढे लायपेज तुपाकडे बघतं. पुडीत त्यांचेच भाऊबंद. साडीनं सांबार खाल्लंय, आपण पचवून द्यायचं. पुडीवर 'रेशीम, लोकर धुऊ नये' छापलंय. ते कमी शिकलेल्यांसाठी.

२० ऑगस्ट
अंगाइतक्या कोमट पाण्यात दोन तास. एन्झाइमना तेच मानवतं. डाळ गेली, हळद बसलीय. मात्रा कमी पडली.

२२ ऑगस्ट
दुप्पट पावडर, सहा तास. हे म्हणाले, चमक गेली वाटतं. म्हटलं, ती मळाची चमक होती. यांनी पेपर तोंडासमोर धरला.

२५ ऑगस्ट
तिसऱ्यांदा भिजवली. कापड फारच मऊ झालंय. कविता दोनदा विचारून गेली, "अत्या, साडी कुठंय?" (आमच्याकडे सासूला अत्याच म्हणतात.) प्रयोग चालू असताना मधे बोलू नये, एवढं सांगितलं.

२७ ऑगस्ट
वाळत घालताना बोट आरपार गेलं. हल्लीच्या विणकरांना लाज नाही. नित्या आठवीत आहे. म्हणाली, "आज्जी, सिल्क पण प्रोटीनच ना? मग तुझ्या एन्झाइमना सांबार काय नि साडी काय!" उद्धट. तिला ऐकवलं, रेशीम प्रोटीन असतं हे मला कॉलेजपासून पाठ आहे.
कवितानं फाटकी साडी घडी करून पेटीत ठेवली. मग माझं कपाट उघडून माझी जांभळी रेशमी काढून घेतली. विचारलंसुद्धा नाही.

३० ऑगस्ट, पापनाशम
मी पॉलिएस्टरमध्ये. कविताची आई महालक्ष्मी भर पंगतीत म्हणाल्या, "माझी साडी का नाही नेसली ही?" मी पेप्सिनपासून सुरुवात केली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हणजे रेशीम प्रोटीन असतं हे ठाऊक असून तुम्ही भिजवलीत?"
अख्खी ओळ जेवायची थांबली.
म्हटलं, नाही, मला ठाऊक नव्हतं.
मांडवातल्या तमिळ पाहुण्यांना कळलं नाही. कवितानं सांगितलं, "अत्या, तमिळमध्ये पण सांगा." तेही सांगितलं.