जैसलमेरची चौकशी

मेहरूण, जळगाव
८ नोव्हेंबर १९८७

तीर्थस्वरूप भागाअक्का,

पुष्पाचा वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे निम्मीच वाकले आहे, तो पुरा मानून घे). इकडे बठ्ठं बरं शे. तुझा दमा आणि भाऊजींचा स्वभाव, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा.

अभिमनची टेलिफोन खात्यात जैसलमेरला नेमणूक झाली हे तुला कळलंच असेल. आता क्वार्टर मिळालं म्हणून त्याने मला कायमचं बोलावलंय. पत्रात एवढंच, ‘आई, निघून ये. इथे वाळू आहे.’ (वडील गेल्यापासून हा मुलगा पत्रही तारेसारखं लिहितो.) हे घर बंद करून पन्नाशीत अनोळखी मुलखात जायचं, तर चौकशी नको का? शेजारच्या लताबाईंच्या मुलीचं भूगोलाचं पुस्तक आणलं. त्यात जैसलमेरला अर्धं पान आणि एक उंट. उंटाच्या चेहऱ्यावरून गाव काही बरं वाटेना. मग भुसावळला रेल्वेत नोकरी केलेल्या हिलालभाऊंना विचारलं. ते म्हणाले, “तठे पानी नही शे, पुष्पाबाई.” त्यानंतर दोन दिवस मी तहान नसताना पाणी पीत होते.

शेवटी पाण्याचं पिंप घ्यायला भंवरलालशेठच्या भांड्यांच्या दुकानात गेले. जैसलमेरचं नाव निघताच त्यांनी मला थेट माडीवर पाठवलं. तिथे त्यांच्या आई, राजकुंवरबाई. वय बहात्तर. चौदाव्या वर्षी जैसलमेरहून लग्न होऊन जळगावला आल्या, त्या पुन्हा गेल्याच नाहीत. त्यांनी सांगितलं, की तिकडे खाटेवर बसून अंघोळ करायची, खाली परात ठेवायची, साठलेल्या पाण्यात कपडे धुवायचे आणि उरलेलं जनावराला पाजायचं. सवय व्हावी म्हणून मी घरी करून पाहिलं. खाटेची सुतळी जुनी निघाली, तुटली. मला परातीतून लताबाईंनी काढलं (कंबरेचं कारण हेच, भाऊजींना सांगू नकोस).

पण अक्का, पुढचं ऐकून मी कंबरही विसरले. किल्ल्याच्या भिंतींचे दगड म्हणे चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेत. संध्याकाळी अख्खं गाव सोन्यासारखं पिवळं होतं आणि माणसं हातातलं काम टाकून नुसती गच्चीवर उभी राहतात. राजकुंवरबाईंच्या धाकट्या भावाने पहिला पाऊस पाहिला तो सहाव्या वर्षी. घाबरून खाटेखाली लपला. वडिलांनी उचलून बाहेर आणलं, तर सगळी गल्ली तोंड वर करून गप्प उभी होती. आडोशाला कोणीच गेलं नाही. तापीचे पूर पाहिलेली मी, त्या दिवशी घरी येऊन तांब्यातल्या पाण्याकडे कितीतरी वेळ बघत बसले.

मग मी अकरा दिवस रोज गेले. राजकुंवरबाई सुनांची नावं चुकवतात, पण गल्लीची वळणं चुकवत नाहीत. कुठल्या वळणावर दगडी जाळीची खिडकी आणि तिच्यात कोणती मैत्रीण बसायची, सगळं सांगतात. मी विचारलं, “एकदाही जावंसं वाटलं नाही?” त्या म्हणाल्या, “आधी मुलं लहान होती. मग गुडघे म्हातारे झाले. मधे काही सापडलंच नाही.”

तर अक्का, माझं ठरलं. वीस तारखेला निघते.

तुझी धाकटी,
पुष्पा

ता. क. तिकडे थंडी फार. तुझी लोकरी शाल पाठव. दोन असतील तर दोन्ही पाठव.

ता. क. २. दुसरी राजकुंवरबाईंसाठी. त्या येताहेत. आईला एवढा प्रवास झेपणार नाही असं भंवरलालशेठचं म्हणणं, म्हणून मी त्यांना एकवीरादेवीच्या दर्शनासाठी दहा दिवस धुळ्याला तुझ्याकडे नेते असं सांगितलंय. ते तीस तारखेला स्वतः घ्यायला येतील. त्यांना आधी चहा दे, मग समजाव.

ता. क. ३. पत्र राजकुंवरबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, बाकी ठीक आहे, तीस तारीख तेवढी खोडा. मी विचारलं, मग कोणती घालू? त्या नुसत्या हसल्या. तेव्हा चहापत्ती जरा जास्तच आणून ठेव.