व्हर्लाच्या मागचं जेवण

रविवार, ७ सप्टेंबर २०१४

सकाळच्या प्रार्थनेला अकरा जण. पाद्रीबाई धरून बारा. ऑर्गनवाली आलीच नाही, म्हणून गाणी नुसती म्हटली. म्हटली कसली, पुटपुटली!

चष्मा बाकावर विसरले. दुपारी दोनला आणायला गेले तर आवारात गाड्याच गाड्या. आत कारेन लोकांची प्रार्थना चालली होती. बर्मातून पळालेले, थायलंडच्या छावणीत वीस-वीस वर्षं काढलेले, आता आपल्या गावच्या टर्की पक्षी कापायच्या कारखान्यात कामाला. वर्षभर दुपारी चर्च त्यांना दिलंय, पण मी कधी डोकावले नव्हते. दीडशे माणसं तरी असतील. कडेवरच्या पोरापासून काठीवाल्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे चार वेगवेगळ्या आवाजांत गात होते — आणि हातात पुस्तक कुणाच्याच नाही. चाल आमचीच! सकाळी आम्ही मारून टाकलेली. अंगावर काटा आला. चष्मा न घेताच घरी आले.

मंगळवार, ९ सप्टेंबर

व्हर्लाला हॉस्पिटलने घरी सोडलं. फार तर महिना, म्हणाले.

ती रडली नाही. उशा नीट करायला लावल्या आणि म्हणाली, "आर्डिस, माझ्या मागचं जेवण चर्चच्या तळघरातच व्हायला पाहिजे. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं विकतचं सँडविच कुणाच्या हातात दिलंस तर बघ. हॅमचे बन, खिमा-बटाट्याची गरम हॉटडिश, आणि अंड्याची कॉफी. खरी."

मी म्हटलं, "होईल."

"करणार कोण?"

"मी."

"तू एकटी? बाई, तुझी जेली अजून धड थिजत नाही!"

हसलो दोघी. पण प्रश्न खराच आहे. आमच्या महिला मंडळात एकेकाळी बेचाळीस जणी होत्या. गावात कुणीही गेलं की तळघरात दोनशे पानं उठायची. आता व्हर्ला, मी आणि इनेझ. इनेझ एक्याण्णव वर्षांची, जिना उतरू शकत नाही. व्हर्लाने चाळीस वर्षं सगळ्या गावाला शेवटचं जेवू घातलं. तिच्याच वेळी तळघर रिकामं राहिलं तर मी स्वतःला माफ करणार नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

अंड्याची कॉफी करून बघितली. भुकटीत अंडं टरफलासकट कालवलं, उकळत्या पाण्यात सोडलं. गढूळ आली. व्हर्ला कप बघून नुसती "हं" म्हणाली.

रविवार, २१ सप्टेंबर

आज भलतंच झालं. तळघरात एकटीच मोठी पातेली घासत होते, तर कारेन बायकांमधली पॉ थू जिना उतरून आली. पंचेचाळिशीची असेल, कारखान्यात हाडं काढायच्या पट्ट्यावर असते. म्हणाली, "आजी, तुमची मैत्रीण आजारी आहे, असं ऐकलं. जेवणाला आम्ही मदत करू?"

मी म्हटलं, "नको गं, होईल आमचं."

ती म्हणाली, "बरं." आणि गेली!

मी हातात घासणी घेऊन उभी. अशी कशी गेली? पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की 'कशाला उगाच तुम्हाला त्रास.' तिसऱ्यांदा विचारल्यावर 'बरं, आता इतकं म्हणतेस तर.' हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं! एकदाच विचारून निघून जायचं म्हणजे मदत करायचीच नव्हती. दिवसभर चिडचिड झाली.

सोमवार, २२ सप्टेंबर

व्हर्लाला सांगितलं. खोकला येईपर्यंत हसली.

"एकतीस वर्षं शाळेची बस चालवलीस ना? दारातल्या बाईने हात हलवून 'जा' म्हटलं की तू थांबायचीस?"

"नाही."

"मग ती का थांबेल? जा, आणि सरळ हो म्हणून ये."

मी कशी जाऊ? आजवर कुणाच्या दारात काही मागायला उभी राहिले नाही. नवरा, ऑर्व्हिल, गेला तेव्हाही नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर

गेले नाही. लाज वाटते.

दुकानात मार्सी भेटली, हल्ली माझा जुना रस्ता तीच चालवते. मुलांची यादी दाखवली. माझ्या काळी सात एरिक्सन, पाच लुंड, बाकी सगळे यांचेच चुलत-मावस. शेवटी शेवटी अर्धी बस रिकामी पळायची आणि शाळा बंद करायच्या सभा चालायच्या. आता दोन बस! कारेन, ग्वाटेमालाची, इथिओपियाची. एरिक्सन एकच उरलाय, तोही आईकडून मेक्सिकोचा. नावं वाचता येईनात, तरी बोट ठेवून शेवटापर्यंत वाचली. थांबे तेच आहेत. त्याच फाट्यांवर, त्याच टपालपेट्यांशेजारी सकाळी पुन्हा पोरं उभी राहतात! मी तर समजले होते, हा मुलूख आमच्याबरोबरच संपणार.

रविवार, ५ ऑक्टोबर

व्हर्ला सकाळी गेली. हात माझ्या हातात होता.

सोमवार, ६ ऑक्टोबर

दफन गुरुवारी. तळघरात नेहमीसारखा कागद लावला — कोण काय आणणार. दुपारपर्यंत त्यावर माझंच नाव चार ओळींत, आणि खाली इनेझच्या लेकाने लिहिलेलं, "लोणचं. एक बाटली." पाद्रीबाई हळूच म्हणाल्या, "शहरातून सँडविच मागवू या का?"

कोट घातला आणि तडक पॉ थूकडे. लुंडांच्या जुन्या घरात राहतात. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत भाताचा वास. दारातच सांगून टाकलं, "त्या दिवशी मी नको म्हटलं ना, ते नको नव्हतं."

"मग काय होतं?"

"हो होतं."

तिने मागे वळून आपल्या भाषेत सांगितलं. आतल्या बायका पोट धरधरून हसल्या. "आजी, तुम्ही लोक हो ला नको म्हणता? मग तुमची लग्नं कशी ठरतात?" मलाही हसू फुटलं. मग रडू. पॉ थूने आत घेतलं, स्टुलावर बसवलं.

मग विचारलं, "आत्ता तिच्याजवळ कोण आहे?"

"कुणाजवळ?"

"व्हर्ला आजीजवळ."

मी म्हटलं, ती अंत्यविधीवाल्या रॉजरकडे आहे. तिथे कोण असणार?

"एकटी?"

त्यांच्यात माणूस मातीत जाईपर्यंत त्याला क्षणभर एकटं ठेवत नाहीत. मी आयुष्यात कधी विचारच केला नव्हता. ऑर्व्हिल तीन दिवस त्या थंड खोलीत एकटा होता.

बुधवार, ८ ऑक्टोबर

रॉजरने एक दिवस आधीच व्हर्लाला चर्चमध्ये आणलं. कुरकुर केली, पण आणलं.

कारखान्याची पहिली पाळी सुटली आणि माणसं यायला लागली. रबरी बूट बाहेर काढून, मोज्यांवर, थेट कामावरून. शवपेटीभोवती बसले आणि गायला लागले. दमले की उठायचे, दुसरे बसायचे. पोरं मागच्या बाकांवर गृहपाठ करत होती. यातल्या बहुतेकांना व्हर्ला नावानेसुद्धा ठाऊक नव्हती! पॉ थूला म्हटलं, "अगं, तुमची कोण लागते ती?" म्हणाली, "आमच्याच गावात मेली ना?"

आमच्याच गावात. किती सहज म्हणाली.

व्हर्लाचा मुलगा डेल डेन्व्हरहून गाडी चालवत आला. टोपी काढून दारातच उभा राहिला. "आर्डिस मावशी, ही सगळी माणसं कोण?" मी म्हटलं, "शेजारी." साठीचा बाप्या, पोरासारखा रडला.

सत्तर वर्षं या चर्चमध्ये येतेय. इथे इतकं सुंदर काही मी कधी पाहिलेलं नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

दोनशे वीस पानं! पाय भरून आलेत, तरी लिहिते.

हॅमचे बन झाले, हॉटडिश झाली. शेजारी भाताचे डोंगर आणि बांबूच्या कोंबांची आमटी, मिरच्या घातलेली. इनेझला खुर्चीसकट चार कारेन बाप्यांनी उचलून खाली आणलं. राणीसारखी बसली, डोळ्यांतून पाणी काढत दोन वाट्या आमटी प्यायली. "व्हर्लाला आवडली नसती," म्हणाली, आणि तिसरी मागितली.

कॉफी सोनेरी आली. काचेसारखी स्वच्छ. डेलने तीन कप घेतले.

सोमवार, २० ऑक्टोबर

पॉ थू आली होती. बराच वेळ कपाशी चाळा करत बसली. तिच्या आईचं हृदय थकलंय. आई म्हणते, आता दुसरीकडे कुठे जायचं नाही, इथल्याच टेकडीवरच्या दफनभूमीत पुरा. पण टेकडी भरली. १९७१ सालीच सगळ्या जागा विकल्या गेल्या, आमच्या चार ऑर्व्हिलने तेव्हाच घेतल्या. तो, मी, दोन मुलं.

ती गेल्यावर कपाटातून त्या जागांचा कागद काढला.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

केंटला ॲरिझोनात फोन. "आई, मी इथेच जळणार, राख वाळवंटात. तुला मागेच सांगितलंय." लेक लिंडाचंही तेच. चर्चच्या मंडळाकडे जाऊन मुलांच्या जागा सोडल्याच्या कागदावर सही करून आले.

रविवार, २ नोव्हेंबर

आज पॉ थूच्या आईला भेटायला गेले. जेमतेम माझ्या खांद्याइतकी, सुपारीने ओठ लाल. पॉ थूने तिला सांगितलं, "या त्या आजी. त्यांच्या एका बाजूला त्यांचा नवरा, दुसऱ्या बाजूला तू." म्हातारीने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि काहीतरी बोलली. घर खदखदून हसलं. मी विचारलं, काय म्हणाली?

"म्हणते, बरीच रुंद आहे, मला जागा पुरेल ना?"

मग ती सोफ्यावर थोडी सरकली, आणि शेजारी हाताने थोपटलं. मी बसले.