डेलियाच्या घशाची चौकशी

सोमवार, ३ मार्च

डेलिया आज दोनदा खोकली! मी लगबगीने तिच्या मेकअपच्या खोलीच्या दाराशी. 'घसा बरा आहे ना गं?'

'ठणठणीत! आणि विनी, विचारताना चेहरा तरी जरा दुःखी ठेवावा, राणी.'

लंडनातल्या या संगीतिकेत मी चार वर्षं नऊ बायकांची बदली नटी आहे; जी येणार नाही, तिचं काम मी करायचं. गोष्ट एका लाँड्रीची. आठ धुणेवाल्या, नववी मालकीण — म्हणजे डेलिया, मुख्य भूमिका. आठवड्याला आठ प्रयोग. आठही धुणेवाल्यांना आजवर पडसं, लग्न, बाळंतपण, सगळं झालं. प्रत्येकीच्या जागी मी उभी राहिले. डेलियाला मात्र कध्धी काही होत नाही. कॉलेजात संस्कृत घेतलं होतं. 'निरामय' हा शब्द तेव्हा पाठ केला, अर्थ इथे कळला.

शुक्रवार, ७ मार्च

डेलिया संगीतिका सोडून चालली! नव्या मालकिणीसाठी चाचण्या. 'तुलाही द्यावी लागेल, बाहेरच्यांसारखीच,' एजंट म्हणाला. चार वर्षं तोंडपाठ असलेल्या भूमिकेची!

मला एकावन्न पूर्ण. ही संधी गेली तर पुढे मुख्य भूमिका कोण देणार? मग वाट्याला आज्या आणि कॉन्व्हेंटातल्या नन, बस्स.

बुधवार, १२ मार्च

रिकामी खोली, एक पियानो, टेबलामागे तिघं. गळा सुरेख लागला. आणि दुसऱ्या कडव्याला मी तीन पावलं मागे सरले, थांबले, परत पुढे!

'मध्येच कुठे गेलीस?' दिग्दर्शकाने विचारलं.

'तिथून ओल्या चादरींची गाडी जाते ना.'

'मालकीण कुठे सरकते? ती जागेवर उभी असते.'

खरंच की! सरकते ती तिसरी धुणेवाली. गेला महिनाभर मी तिच्या जागी होते. गाणं मालकिणीचं, पाय तिसरीचे! टेबलामागे कुणीतरी हसलं. मी आभार मानून कोट घेतला. दोन बाह्यांपैकी एकही सापडेना.

गुरुवार, १३ मार्च

फोन नाही. गुडघा तेवढा बोलतोय.

मंगळवार, १८ मार्च

मिळाली!! मला!

दिग्दर्शक म्हणतो, 'आपल्याच दुकानात मालकीण गाडीला वाट देते — इतक्या वर्षांत आम्हाला सुचलं नाही. तसंच ठेवू.'

मी म्हटलं, 'विचारपूर्वकच केलं होतं.' पानापुढे खोटं बोलायचं नाही म्हणून इथे लिहिते: नव्हतं.

शनिवार, २९ मार्च

डेलियाचा शेवटचा प्रयोग. केक, रडारड. नंतर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, 'मी किती प्रयोग तापात गायले, ठाऊक आहे?'

'तू? ठणठणीत असायचीस!'

'बाई गं, तू इतक्या मायेने दाराशी यायचीस... तुला पाहिलं की ताप पळायचा. धास्तीने.'

हसलो दोघी. मी जरा उशिरा.

सोमवार, ३१ मार्च

मालकीण म्हणून माझा पहिला प्रयोग. गुडघा सकाळपासून टम्म.

प्रयोगाला अर्धा तास असताना दारावर टकटक. नेल — सव्वीस वर्षांची, माझ्या जागी आलेली नवी बदली. 'विनी, लंगडत आलीस म्हणे. बरी आहेस ना?' किती गोड, काळजीने भरलेला चेहरा!

'ठणठणीत,' मी म्हटलं.