ओसरीवरून गेलेल्या सात गोधड्या

एल्मक्रीक, कॅन्सस
४ ऑक्टोबर

चि. ट्विला हिला लोरीन मावशीचे अ. आ.

इकडे गहू पेरून झाला. तुझ्या मेनो काकांची पाठ धरलेलीच आहे. आता मुद्द्याचं. राज्याच्या करखात्याचं पत्र आलंय, की मी विक्रीकराचं विवरणपत्र भरलेलं नाही. अगं, माझ्या गोधड्या ऑनलाइन बाजारात विकल्या जातात. गिऱ्हाइकाकडून कर तो बाजारच घेतो आणि राज्याला भरतो, हे तूच सांगितलं होतंस. मग माझं नाव त्यांना दिलं कुणी? त्या खात्यात आपल्या घरचं एकच माणूस नोकरीला आहे. काका म्हणतात, पोरीला शिकवलं आणि तिनं पहिली मावशीच पकडली. मी त्यांना गप्प केलं, पण शंका मलाही आहे. खरं काय ते लिही.

लोभ आहेच, सध्या जरा पारखून घेतेय.
लोरीन मावशी

टोपीका
९ ऑक्टोबर

ती. मावशीस सा. न.

पत्र वाचून डोळ्यांत पाणी आलं. तुझं नाव मी इथे कुणाजवळही काढलेलं नाही. ती पत्रं यंत्रातून निघतात. वसंतातल्या जत्रेसाठी तू विक्रीचा परवाना काढलास. वादळानं जत्रा बुडाली, परवाना राहिला. तो आहे तोवर विवरणपत्र भरावंच लागतं. बाजाराबाहेर तू स्वतः काही विकलं नसशील, तर त्या रकान्यात शून्य लिही.

पण शून्यच ना, मावशी? आई म्हणाली, शेजारच्या एल्डा बाई तुझ्या ओसरीवरून गोधडी घेऊन गेल्या. मी शिकले ती तुझ्या शिलाईवर, म्हणूनच विचारते.

अजूनही तुझीच,
ट्विला

एल्मक्रीक
१४ ऑक्टोबर

चि. ट्विलास अ. आ.

तुझी आई लहानपणापासून तोंडाची सैल. होय, ओसरीवरून सात गोधड्या गेल्या. गावातल्या बायका बाजारात फोटो बघतात, टपालखर्च कशाला म्हणून थेट दारात येतात, मी भाजलेले पाव खातात आणि रोख देऊन जातात. फोटो तिथे लावलाय म्हणजे कर तिथेच गेला, असं मी धरून चालले. काका म्हणतात, रोखीचं कुणाला दिसतंय, ठोक शून्य. आता तुला मात्र ठाऊक झालं. मी शून्य लिहिलं तर तू काय करशील?

स्पष्ट उत्तराच्या अपेक्षेत,
मावशी

टोपीका
१८ ऑक्टोबर

ती. मावशीस सा. न.

एल्मक्रीकमध्ये माझे नातेवाईक आहेत, तिथली कागदपत्रं माझ्याकडे देऊ नका, एवढंच मी साहेबांना सांगितलं. तू काहीही लिहिलंस तरी माझ्या तोंडून ते बाहेर जाणार नाही. पण विक्री दारात झाली, तर कर तुझ्याच हातून जायला हवा. त्याच पैशातून आपल्या गावची शाळा चालते, मी तिथेच शिकले. यापुढे विचारणार नाही.

तुझी लेकच,
ट्विला

एल्मक्रीक
२५ ऑक्टोबर

चि. ट्विलास अ. आ.

विवरणपत्र गेलं. साती लिहिल्या. काकांनी अबोला धरलाय, घर कधी नव्हे ते शांत आहे. तू सांगशील अशी भीती असती, तर हट्टानं शून्यच लिहिलं असतं. सांगणार नाहीस हे पटलं, आणि मग हात शून्याकडे वळेना.

पारखून झालं.
मावशी