जास्तीच्या ओळी

दादा,

बाबांनी घड्याळदुरुस्ती थांबवली. डोळे साथ देईनात. "आपली गिऱ्हाइकं त्याला देऊन टाक," एवढंच म्हणाले. तू वेगळं दुकान थाटलंस तेव्हापासून तुझं नाव काही त्यांच्या तोंडून निघत नाही.

आज तू पाठवलेली यादी आणि आपली यादी कॉम्प्युटरवर एकत्र करायला बसले. एकच नंबर पुन्हा आला की एक ओळ ठेवायची, बाकीच्या उडवायच्या. निम्मी गिऱ्हाइकं दोन्हीकडे जायची, लबाड कुठली! मी नावं वाचत होते आणि बाबा शेजारी बसून हसत होते.

एक नंबर मात्र संपता संपेना. तुझ्या काउंटरवरची बाई प्रत्येक फोनची नवी ओळ लिहिते ना! 'म्हातारे गृहस्थ. दुकान उघडं आहे का विचारलं. आले नाहीत.' खाली पुन्हा तेच. त्याच्याखाली पुन्हा तेच. नंबर बाबांचा. फोन केला की समोर नंबर दिसतो, हे त्यांच्या गावीही नसणार.

माझं वाचन बंद पडलं.

"थांबलीस का? जास्तीचं काढून टाक," ते म्हणाले आणि स्वच्छ चष्मा उगाच पुसत बसले.

काढलं. एक ओळ ठेवली. 'म्हातारे गृहस्थ' खोडून तिथे 'बाबा' लिहिलं.

हे पत्र पाठवत नाही. त्यांना कळलं तर माझी धडगत नाही. यादी तेवढी पाठवतेय. ती ओळ सगळ्यात वर ठेवलीय.

तुझी,
टिकटिक